सेंटर फील्डची जागा

"सेंटर फील्डला तू जा," सर म्हणाले. "लांब उभं राहायची तुमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. तुला वेगळं शिकवावं लागणार नाही."

मी चौदा वर्षांची होते. कर्वेनगरमधलं एका कॉलेजचं ग्राउंड. सकाळचे साडेसात. आम्ही अठरा मुली रांगेत उभ्या. सरांच्या हातात फॉर्मचा गठ्ठा होता. त्यात नाव, शाळा, पत्ता, जात. त्यांनी माझं आडनाव मोठ्यानं वाचलं. मग पत्ता वाचला, येरवडा. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि ते वाक्य बोलले. आवाज चढवला नाही. रागही नव्हता. चहात साखर कमी आहे असं सांगावं, तेवढ्याच सहजपणे.

दोन मुली हसल्या. मग सर हसले. मग सगळ्याच हसल्या.

मीही हसले.

ते वाक्य मला जेवढं लागलं नाही, तेवढं माझं हसणं लागलंय. आजही लागतं. बसमध्ये, भाजी निवडताना, कधीही. अंगाला खाज सुटावी तसं होतं. एका जागी बसवत नाही. मी उठून चालायला लागते.

आमची जात मांग. लिहायला मातंग. पप्पा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात, त्यांचे वडील हलगी वाजवायचे. आई खराडीच्या एका आयटी कंपनीत हाउसकीपिंगला आहे. बेसबॉल हा शब्द आमच्या घरात कोणी ऐकलेला नव्हता. महापालिकेच्या शाळेत पीटीच्या बाईंनी मला चेंडू फेकताना बघितलं. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाच्या भिंतीवर. त्या म्हणाल्या, "परत टाक." मी परत टाकला. त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली आणि कर्वेनगरच्या क्लबमध्ये पाठवलं. येरवड्याहून डेक्कन, तिथून दुसरी बस. पहाटे साडेपाचला निघायचं.

सेंटर फील्ड म्हणजे मैदानाच्या पार मागची, मधली जागा. बॅटरपासून सगळ्यात लांब. कितीतरी वेळ तिथं काहीच येत नाही. आणि येतं तेव्हा टोलवलेलं, उंच, सूर्याच्या अंगानं येतं. चुकलं तर मागं अडवायला कोणी नाही. क्लबातल्या कोणाला ती जागा नको होती. सगळ्यांना पुढं खेळायचं असायचं, जिथं फोटो काढतात.

मला ती जागा कळत गेली. चेंडू दिसायच्या आधी बॅटचा आवाज येतो. बॅटच्या मध्यावर बसला तर एक आवाज, टोकाला लागला तर दुसरा. मी त्या आवाजावर धावायला लागले. घरात पप्पा दिवसभर सूर घोटायचे, कोणता सूर किंचित खाली गेला हे मला लहानपणापासून कळायचं. तो कान इथं कामाला आला. सहा महिन्यांत माझ्याकडचा चेंडू क्वचितच जमिनीवर पडायचा. सर कधी शाबास म्हणाले नाहीत. पण जागा दुसऱ्या कोणाला दिली नाही.

क्लबकडे ग्लोव्ह कमी होते. सरावाला आमच्या दोन टीम पाडायचे. आमची फील्डिंग संपली की ग्लोव्ह तिथंच गवतावर ठेवायचा आणि समोरच्या टीमच्या मुलीनं तोच उचलून घालायचा. समोरच्या टीमकडून सेंटर फील्डला सानिका असायची. माझ्याच वयाची, कोथरूडची, वडील डॉक्टर. चांगली खेळायची. बोलायलाही बरी होती. पण मी ठेवलेला ग्लोव्ह ती सरळ घालायची नाही. आधी रुमाल आत फिरवायची. मग एक दिवस पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातात चढवून आली. तिची आई पायऱ्यांवर बसलेली असायची. मी बघतेय हे बघून त्या म्हणाल्या, "आम्ही जातबित काही मानत नाही हं. फक्त स्वच्छता मानतो."

दुसऱ्या दिवशी सरांनी एक ग्लोव्ह काढला, त्यावर काळ्या मार्करनं फुली मारली आणि मला दिला. "हा तुझा. दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. दुसऱ्या कोणाचा घेऊ नकोस."

मला वाटलं, बक्षीस आहे.

खरंच वाटलं. मी तो घरी नेला. खोबरेल तेल लावून मऊ केला. उशाशी घेऊन झोपले. पप्पांना सांगितलं, "क्लबात फक्त मलाच स्वतःचा ग्लोव्ह आहे." पप्पांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, फुली बघितली. आईला म्हणाले, "हिला दूध दे."

महिन्याभरानं सकाळच्या पाण्याच्या वेळी मला कळलं. क्लबात प्यायच्या पाण्याचं पिंप होतं, त्यावर स्टीलचे ग्लास. त्यातल्या एका ग्लासावर तशीच फुली होती. ग्राउंड झाडायला येणाऱ्या मावशींचा ग्लास. मी फुली बघितली, हातातला ग्लोव्ह बघितला. तेव्हापासून मी घरून बाटली न्यायला लागले. ग्लोव्ह मात्र वापरत राहिले. काय करणार होते? दुसरा नव्हता.

एकोणिसाव्या वर्षी राज्याच्या संघातून राष्ट्रीय स्पर्धेला गेले. फायनलला आम्ही एका रननं पुढं होतो. शेवटची इनिंग, समोरच्यांच्या दोघी आउट, तिसरी बाद केली की सामना आमचा; पण त्यांच्या दोघी बेसवर, रन काढायच्या वाटेवर. त्यांच्या सगळ्यात दांडग्या मुलीनं मारला. आवाजावरूनच कळलं, डोक्यावरून जाणार. अशा वेळी मागं मागं सरकत गेलं की माणूस पडतो. पाठ फिरवायची आणि पळायचं. मी पाठ फिरवली. सहा-सात पावलं चेंडू बघितलाच नाही. मग मान वळवली, हात लांब केला, आणि तो आला. मी तोंडावर आपटले. कोपर सोलून निघालं. चेंडू ग्लोव्हात होता.

आम्ही जिंकलो. मुली अंगावर पडल्या, त्यात सानिकाही होती. तिनं माझ्या गालाला गाल लावून रडून घेतलं. त्या दिवशी मला वाटलं, संपलं आता ते सगळं.

पुण्यात आल्यावर क्लबनं सत्कार ठेवला. कर्वेनगरमधलंच एक कार्यालय. गेटपासून आत स्टेजपर्यंत आम्हाला वाजतगाजत न्यायचं ठरलं होतं. बस थांबली, आम्ही जर्सी घालून उतरलो. समोर बँड उभा होता. लाल कोट, सोनेरी पट्टे.

पहिल्या ओळीत पप्पा.

त्यांना माहीत नव्हतं. बँडच्या मालकानं सांगितलं होतं, कर्वेनगरला कुठल्यातरी क्लबचा कार्यक्रम आहे. मलाही माहीत नव्हतं. त्यांनी मला बघितलं. क्लॅरिनेट तोंडाला होतं, ते तसंच वाजवत राहिले. एकही सूर हलला नाही. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावरून चालत गेले. माझ्या गळ्यात पदक होतं. मी पदकाच्या फितीकडे बघत होते.

स्टेजवर सरांनी माइक घेतला. पाहुणे, प्रायोजक, पालक, सगळे बसलेले. सर म्हणाले, "आज बँडची खास व्यवस्था केलीय. टीममधल्या एकीला अगदी घरी असल्यासारखं वाटत असेल." सभागृह हसलं. बहुतेकांना अर्थ कळलाही नसेल. सरांना मात्र सगळं माहीत होतं. दरवर्षी फॉर्मवर मी वडिलांचा व्यवसाय लिहीत होते, बँडच्या नावासकट.

मला उठून म्हणता आलं असतं, ते माझे वडील आहेत. त्यांना वर बोलवा. दोन वाक्यं. मी पदकाची फीत बोटाभोवती गुंडाळत राहिले. सानिका शेजारी बसली होती. ती हळूच म्हणाली, "म्हणजे काय गं?" मी म्हणाले, "माहीत नाही."

जेवणाची आमची पानं हॉलमध्ये मांडली होती. बँडवाल्यांना पार्किंगमध्ये कागदी प्लेट दिल्या. खिडकीतून दिसत होतं. पप्पा एका स्कूटरला टेकून उभ्यानं जेवत होते. मी श्रीखंड खाल्लं. गेले नाही खाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पप्पा दारात बसून क्लॅरिनेटच्या किल्ल्या पुसत होते. मी चहा नेऊन दिला. मग तेच म्हणाले, "तू काल इकडं बघितलं न्हाईस. बरं केलंस. उगं चर्चा झाली असती."

"पप्पा..."

"मी पण वळख दावली न्हाई. तुझं नाव खराब झालं असतं."

त्यांना खरंच तसं वाटत होतं. टोमणा नव्हता, दुखावलेपण नव्हतं. पोरीचं भलं व्हावं म्हणून बापानं अनोळखी व्हायचं, हे त्यांना इतकं सरळ वाटत होतं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. ते समाधान मला बघवेना. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसले. आई बाहेरून म्हणाली, "पाणी जपून वापर, आज टँकर न्हाई."

इथं मी सांगायला हवं की त्या दिवशी मी क्लब सोडला. सोडला नाही. नऊ वर्षं तिथंच खेळले. पुण्यात मुलींना खेळायला दुसरा चांगला क्लब नव्हता. ग्राउंड त्यांचं, किट त्यांचं, निवड समितीत माणसं त्यांची. आणि मला खेळल्याशिवाय राहवत नव्हतं. चार दिवस चेंडूमागं धावले नाही तर घरात कोणाशी तरी भांडण काढायचे. दरवर्षी राज्याच्या संघात होते. दोनदा देशाच्या शिबिराला गेले. दोन्ही वेळा राखीव. ग्लोव्ह मी स्वतः विकत घेतला, तोवर लोकांनी फुल्या मारायचंही सोडून दिलं होतं. आता सगळे हसून बोलायचे, वाढदिवसाला ग्रुपवर केक टाकायचे. फक्त कुणाच्या घरच्या पूजेला, लग्नाला माझं आमंत्रण यायचं राहून जायचं.

मग क्लबनं वाघोलीला अकादमी काढली. नवं ग्राउंड, जाळ्या, काचेचं ऑफिस. सर मुख्य प्रशिक्षक झाले. मला पगारावर घेतलं. क्लबकडून खेळायचं आणि लहान मुलींना फील्डिंग शिकवायची. खेळण्यासाठी पगार मिळणारी आमच्या वस्तीतली मी पहिली. आईनं कंपनीतल्या सगळ्या बायकांना पेढे वाटले. एका साहेबालाही दिला. त्यानं विचारलं, "क्रिकेट का?" आई म्हणाली, "न्हाई, त्याच्याहून अवघड."

या वर्षी परदेशातल्या स्पर्धेसाठी क्लबच्या संघाची निवड चाचणी झाली. तीन दिवस. मी अठ्ठावीस वर्षांची. माझ्या वाट्याला आलेला एकही चेंडू मी पाडला नाही. मागून थेट होमपर्यंत, म्हणजे बॅटरच्या जागेपर्यंत, फेकी केल्या. नोटीस बोर्डवर यादी लागली. सेंटर फील्डसमोर माझं नाव होतं. मी फोटो काढून पप्पांना पाठवला.

दोन दिवसांनी दुपारी सरांनी ऑफिसात बोलावलं. सानिका तिथं होती. ती आता कॅप्टन, शिवाय निवड समितीवरही. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता.

"सही कर," सर म्हणाले.

मी वाचला. अर्ज माझ्या नावानं होता. उजव्या गुडघ्याला दुखापत झाल्यामुळे मी स्वेच्छेनं संघातून माघार घेत आहे. माझ्या जागी अमुक मुलीचा विचार व्हावा. ती एका प्रायोजकाची मुलगी. एकोणीस वर्षांची. मीच तिला शिकवत होते. दोन वर्षांत ती चांगली झाली असती. त्या दिवशी नव्हती.

"माझा गुडघा दुखत नाही," मी म्हणाले.

"दुखेल आता. वय झालं." सर हसले. "नोकरी आहेच की तुझी. ती कुठं जात नाही."

"मला काढायचं असेल तर काढा. कारण लेखी द्या."

"तुम्हा लोकांना सगळं लेखी लागतं."

"लेखी द्या, सर."

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बदलला. "इतकी वर्षं तुला आत घेतलं ते विसरू नकोस. आम्ही नसतो तर बापामागं झांजा वाजवत फिरली असतीस."

माझे कान तापले. पण आत काहीतरी एकदम स्वच्छ झालं. चेंडू बॅटला लागल्यावर होतं तसं. कुठं जायचं ते कळलं.

मी उभी राहिले. म्हणाले, "सर, चौदा वर्षांपूर्वी तुम्ही मला म्हणाला होतात, लांब उभं राहायची तुमची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. सगळ्यांसमोर. मग ग्लोव्हवर फुली मारलीत. मग माझ्या बापाला गेटवर वाजवायला लावून माइकवरून हसलात. आणि आज हे. सगळं मला शब्दाला शब्द पाठ आहे."

"ती गंमत होती," सर म्हणाले. "तूही हसली होतीस."

त्यांना तेही आठवत होतं. चौदा वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं. कधी वेळ आली तर वापरायला.

"हो, हसले होते," मी म्हणाले. "त्याची मला लाज वाटते. तुम्हाला कशाचीच वाटत नाही."

मग मी सानिकाकडे वळले. "आत्ता सर काय म्हणाले ते तू ऐकलंस ना?"

ती फोनकडे बघत होती. स्क्रीन बंद होता. "मला यात नको गं ओढू," ती म्हणाली.

मी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. सर म्हणाले, "तो इकडे दे." मी म्हणाले, "माझ्या नावाचा आहे." आणि बाहेर आले. वाघोलीपासून येरवड्यापर्यंत चालत आले. नगर रोडच्या कडेनं, धुळीत, दोन-अडीच तास. बसमध्ये बसणं शक्यच नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा आईनं कपाळावर हात मारला. "गेली का नोकरी?" मी म्हणाले, "जाईल." ती म्हणाली, "लई बोलायची हौस तुला." मग थोड्या वेळानं विचारलं, "झांजा म्हणाला?" मी मान हलवली. ती भाकरी थापत राहिली, जोरात.

पप्पा दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर पोलीस चौकीत तक्रार द्यायला आले. मी नको म्हणत होते, तेही जरा घुटमळत होते, तरी आले. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं. "कोणी साक्षीदार आहे का?" विचारलं. मग पप्पांकडे पेन दाखवून, "हे कोण?"

"माझे वडील," मी म्हणाले. "बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवतात."

हवालदारानं लिहून घेतलं. पप्पा भिंतीकडे बघत होते. घरी येताना त्यांनी वाटेत थांबून दोन चहा सांगितले, आणि मला म्हणाले, "तुला तवाच सांगायला पायजे हुतं. त्या फुलीचं. मला बघताक्षणी कळलं हुतं."

"मग का नाही सांगितलंत?"

"खेळायचं सोडलं असतंस."

मी त्यांच्यावर चिडले. भर रस्त्यात. मग रडले. मग चहा प्यायले. अजूनही मला कळत नाही त्यांचं बरोबर होतं की चूक.

तीच तक्रार लिहून मी राज्याच्या बेसबॉल संघटनेकडेही चौकशीसाठी अर्ज केला. नोकरी आठवड्यात गेली. कारण दिलं, पुनर्रचना. संघ परदेशात जाऊन आला. माझ्या जागेवर ती मुलगी खेळली. तिच्या हातून सुटलेल्या एका चेंडूचा व्हिडिओ मला कोणीतरी पाठवला, मला बरं वाटावं म्हणून. मला बरं वाटलं नाही. तिला तिथं एकटीला उभं केलं होतं, तयारी नसताना. वस्तीतले काही म्हणाले, प्रकरण वाढवलंस. काही म्हणाले, मोर्चा काढू. क्लबच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं. सानिकाचा एक मेसेज आला, "सॉरी. तुला माहितेय ना माझी अडचण." मी उत्तर दिलं, "नाही. मला नाही माहीत. चौकशीत येऊन सांग."

ती अजून आलेली नाही.

संघटनेनं चौकशी समिती नेमली. तीन माणसं. दोन तारखा पडल्या, दोन्ही वेळा सर आले नाहीत. मी दोन्ही वेळा गेले, बाकावर बसले, हजेरीची सही केली. मागच्या आठवड्यात क्लबच्या एका पदाधिकारी बाईंचा फोन आला. खूप गोड बोलल्या. "अहो, आपण सगळे खेळाडू माणसं. आपण अर्ज मागे घ्या. सर मनानं वाईट नाहीत. पुढच्या वर्षी आपल्याला संघात घेऊ, नोकरीचंही बघू."

मी विचारलं, "सर माफी मागतील का? लेखी?"

त्या म्हणाल्या, "आता एवढ्या ज्येष्ठ माणसाला..."

मी म्हणाले, "मग मी येते तारखेला."

पुढची तारीख सोमवारी आहे. मी जे इथं सांगितलंय तेच तिथं सांगणार, याच क्रमानं, याच शब्दांत, त्यांची वाक्यं त्यांच्या नावानिशी. सर आले तर त्यांच्या तोंडावर. नाही आले तर त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर. साक्षीदार नसला तरी. समिती बदलली तर नव्या समितीपुढं पहिल्यापासून. अर्ज मी मागं घेणार नाही.